साक्षीदारांविना घडलेला इतिहास : नेरूळचे मैदान आणि महिला विश्वचषक पात्रतेची बाद फेरी (२०२२)

प्रस्तावना

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासलेखनात काही विषय ठळकपणे येतात. शिलाहारांचे ताम्रपट, कल्याणचे प्राचीन बंदर, १७३९ ची वसईची मोहीम आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आलेली प्रवासी आगगाडी हे त्यांपैकी प्रमुख होत. या मालिकेत क्रीडाविषयक घटनांना स्थान मिळालेच तर ते परिशिष्टात मिळते. खेळ ही करमणुकीची बाब आणि इतिहास हा राज्य, अर्थ व समाज यांचा, अशी विभागणी अभ्यासकांच्या मनात कळत-नकळत झालेली असते. ही विभागणी किती अपुरी आहे, हे दाखविणारी एक घटना जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील नेरूळ येथे घडली.

नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलावर आशियाई महिला चषक फुटबॉल स्पर्धेचे महत्त्वाचे सामने झाले. ही स्पर्धा २०२३ च्या महिला विश्वचषकासाठी आशिया खंडाची पात्रता स्पर्धाही होती. येथे व्हिएतनामच्या महिला संघाने आपल्या इतिहासात प्रथमच विश्वचषकाचे दार उघडले. यजमान भारताचा संघ मात्र याच मैदानावरील नियोजित सामना न खेळताच स्पर्धेबाहेर गेला. या दोन्ही घटनांच्या वेळी प्रेक्षागार रिकामे होते. जिल्ह्याच्या भूमीवर घडलेल्या या इतिहासाला जिल्ह्याचा साक्षीदार जवळजवळ लाभलाच नाही. अशा घटनेची नोंद स्थानिक इतिहासाने कोणत्या आधारावर आणि कोणत्या दृष्टीने करावी, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

बाद फेरी : एक ऐतिहासिक उंबरठा

विश्वचषकाचा अंतिम सामना जगाच्या स्मरणात राहतो. पात्रता स्पर्धेच्या आरंभीच्या बाद फेऱ्या मात्र विस्मृतीत जातात. वस्तुतः लहान फुटबॉल राष्ट्रांचे भवितव्य याच फेऱ्यांत ठरत असते. गटसाखळीत एका पराभवाची भरपाई दुसऱ्या विजयाने करता येते. बाद फेरीत ती सोय नसते. हरणारा संघ पुढील चार वर्षे सरावाचे सामने आणि प्रादेशिक स्पर्धा यांवर गुजराण करतो. त्याला मिळणारा निधी, प्रसिद्धी आणि नव्या पिढीचे आकर्षण या साऱ्यांवर त्या एका निकालाचा परिणाम होतो.

भारताच्या पुरुष संघाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१० च्या विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत पहिल्याच बाद फेरीत भारताची गाठ लेबनॉनशी पडली. परक्या भूमीवर १-४ असा पराभव पत्करल्यावर ३० ऑक्टोबर २००७ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर २-२ अशी बरोबरी झाली आणि ३-६ अशा एकूण गोलसंख्येने भारत बाद झाला. २०११ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अल ऐन येथे ३-० असा विजय मिळविला. दिल्लीतील परतीचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि भारताची वाटचाल पुन्हा थांबली. मार्च २०१५ मध्ये नेपाळविरुद्ध गुवाहाटी येथे सुनील छेत्रीच्या दोन गोलांमुळे मिळालेला २-० हा विजय आणि काठमांडू येथील गोलशून्य बरोबरी यांच्या बळावर हा उंबरठा ओलांडता आला. त्याचे फळ म्हणून पुढील गटसाखळीत इराण, ओमान यांसारख्या संघांशी खेळण्याची संधी मिळाली. एका बाद फेरीचा निकाल पुढील काळाचा अनुभव कसा ठरवितो, हे यावरून ध्यानात येते.

या संदर्भात १९५० सालचे उदाहरणही आठवावे लागते. त्या वर्षी फिलिपाईन्स, ब्रह्मदेश आदी प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्याने भारतीय पुरुष संघ पात्रतेचा एकही सामना न खेळता ब्राझीलमधील विश्वचषकास पात्र ठरला आणि पुढे भारतानेच सहभाग नाकारला. न खेळता पात्र ठरण्याचा हा प्रसंग भारतीय फुटबॉलच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. न खेळता बाद होण्याचा प्रसंग बहात्तर वर्षांनी नेरूळला घडला; तो मात्र फारसा सांगितला जात नाही.

यजमानपद आणि मैदान

आशियाई महिला चषकाचे यजमानपद जून २०२० मध्ये भारतास मिळाले. या स्पर्धेत संघांची संख्या प्रथमच आठवरून बारा करण्यात आली. नवी मुंबईबरोबर भुवनेश्वर व अहमदाबाद या शहरांचा विचार आरंभी झाला होता. परंतु महासाथीच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा, या हेतूने सर्व सामने महाराष्ट्रातच घेण्याचे ठरले. नेरूळ, मुंबईतील अंधेरी आणि पुण्याजवळील बालेवाडी ही तीन ठिकाणे निश्चित झाली. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ हा स्पर्धेचा कालावधी होता.

भारतीय महिला संघाला या स्पर्धेची परंपरा नवी नव्हती. १९७९-८० मध्ये कालिकत येथे आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे भारत उपविजेता ठरला होता. पुढे मात्र जपान, चीन, कोरिया या देशांनी महिला फुटबॉलमध्ये पद्धतशीर गुंतवणूक केली आणि भारत मागे पडत गेला. २००३ नंतर भारताला या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात प्रवेशच मिळाला नव्हता. २०२२ मधील प्रवेशही यजमान या नात्याने होता. तथापि विश्वचषकातील संघांची संख्या चोवीसवरून बत्तीस झाल्याने आशियाच्या वाट्यास अधिक जागा आल्या होत्या. उपांत्यपूर्व फेरी गाठणे एवढेही विश्वचषकाच्या आशेसाठी पुरेसे होते. भारतीय महिला फुटबॉलला विश्वचषक इतका जवळ यापूर्वी क्वचितच दिसला असेल.

नेरूळ हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची उभारणी सुरू झाली आणि या परिसराचे रूप पालटले. २००८ मध्ये खुले झालेले येथील मैदान त्याच वर्षी आयपीएल क्रिकेटच्या पहिल्या अंतिम सामन्यामुळे देशभर परिचित झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामनेही येथे झाले. ठाणे-वाशी लोहमार्गावर २००४ पासून प्रवासी गाड्या धावू लागल्याने कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना ठाण्यास गाडी बदलून थेट नेरूळ गाठता येऊ लागले होते. म्हणजे मैदान जिल्ह्यातील, अंतर लोकलच्या टप्प्यातील आणि स्पर्धा खंडातील सर्वोच्च दर्जाची, असा योग जुळून आला होता.

हा योग महासाथीने निष्फळ ठरविला. विषाणूच्या नव्या प्रकाराची लाट पसरत असताना राज्य शासनाने १० जानेवारी २०२२ पासून नवे निर्बंध लागू केले. पूर्वनियोजित राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांना मुभा होती, परंतु प्रेक्षकांविना आणि संघांना बाह्य संपर्कापासून अलग ठेवूनच. परिणामी सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी मैदानाची दारे बंद राहिली.

तेरा खेळाडूंचा नियम

२० जानेवारी रोजी नेरूळ येथे भारत व इराण यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. इराणचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्यामुळे या बरोबरीने भारतीय गोटात निराशा झाली असली, तरी वाट बंद झाली नव्हती. गटातील चायनीज तैपेईचा संघ त्याच दिवशी चीनकडून ०-४ असा पराभूत झाला होता. तीन गटांतील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी उत्तम दोन, असे आठ संघ पुढे जाणार होते. अशा स्थितीत २३ जानेवारीचा भारत-चायनीज तैपेई सामना निर्णायक ठरणार होता.

तो सामना झालाच नाही. भारतीय संघात संसर्ग पसरला. तेवीस खेळाडूंच्या चमूतून किमान तेरा खेळाडूंची नावे देणेही संघाला शक्य झाले नाही. आशियाई फुटबॉल महासंघाने महासाथीच्या काळासाठी केलेल्या विशेष नियमांनुसार तेरापेक्षा कमी खेळाडू उपलब्ध असणारा संघ स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानले जाई. सामना सुरू होण्यास थोडा अवधी असताना तो रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. नियमांचा अर्थ असा की, केवळ तो सामना नव्हे तर भारताचे सारे सामने रद्द झाले. इराणविरुद्धची बरोबरीही अधिकृत नोंदीतून बाद ठरली आणि २६ जानेवारीचा चीनविरुद्धचा सामना झाला नाही.

संसर्ग सुरक्षित वर्तुळात शिरला कसा, यावर तेव्हा वाद झाला. प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी आपली नाराजी उघडपणे व्यक्त केली. त्या वादाचा निवाडा करणे हे येथे प्रयोजन नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते नियमाचे स्वरूप. सामना पुढे ढकलण्याची तरतूद कार्यक्रमात नव्हती. बारा संघ, तीन मैदाने आणि अठरा दिवस अशी वेळापत्रकाची घट्ट वीण होती. नियम सर्वांना सारखाच होता. परंतु सारखा नियम सर्वांवर सारखाच आघात करतो असे नाही.

याचे प्रत्यंतर व्हिएतनामच्या बाबतीत येते. त्या संघास भारतात येण्यापूर्वी स्पेनमधील सराव शिबिरातच संसर्गाने गाठले होते. संघ एकत्र भारतात पोहोचू शकला नाही आणि आरंभीचे दिवस अपुऱ्या बळावर काढावे लागले. तरीही आवश्यक संख्या कशीबशी जुळली. दक्षिण कोरिया व जपान यांच्याकडून प्रत्येकी ०-३ असे पराभव पत्करल्यावर म्यानमारविरुद्धच्या २-२ बरोबरीमुळे तो गटात तिसरा आला. एकच व्याधी, एकच नियम. एक संघ तेराच्या रेषेच्या अलीकडे राहिला आणि दुसरा पलीकडे गेला. संसर्गाची वेळ काही दिवस पुढे-मागे झाली, एवढाच काय तो भेद.

भारताच्या माघारीचा परिणाम भारतापुरता मर्यादित राहिला नाही. ‘अ’ गटात तीनच संघ उरले. भारताशी झालेली बरोबरी रद्द झाल्याने इराणच्या खात्यावर चीनकडून ०-७ आणि चायनीज तैपेईकडून ०-५ असे दोन मोठे पराभवच राहिले. तिसऱ्या क्रमांकाच्या संघांत त्यामुळे इराण मागे पडला आणि थायलंड व व्हिएतनाम उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. भारत खेळता तर काय घडते, हे सांगता येणार नाही; इतिहासात जर-तरला स्थान नसते. परंतु ‘अ’ गटातील तिसऱ्या क्रमांकाची स्पर्धा प्रत्यक्ष मैदानावर झालीच नाही आणि व्हिएतनामची वाट त्याच गटातून आलेल्या आव्हानाविना मोकळी झाली, ही वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे.

३० जानेवारी ते ६ फेब्रुवारी

स्पर्धेची पहिली बाद फेरी, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी, ३० जानेवारी रोजी झाली. हा एकच दिवस आशियातील महिला फुटबॉलचा नकाशा बदलणारा ठरला. विजयी संघ थेट विश्वचषकास पात्र होणार होते. बालेवाडीत दक्षिण कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे हरविले. ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा सहयजमान असल्याने त्याचे स्थान अबाधित होते. मात्र त्या देशातील फुटबॉलप्रेमींना हा निकाल धक्कादायक वाटला. तेथेच फिलिपाईन्सने चायनीज तैपेईविरुद्ध १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-३ असा विजय मिळवून प्रथमच विश्वचषकात प्रवेश केला. १९५० मध्ये पुरुषांच्या पात्रता स्पर्धेतून माघार घेणाऱ्या देशाच्या महिलांनी हा मान मिळविला, हा योगायोगही लक्षणीय आहे.

नेरूळच्या मैदानावर त्याच दिवशी दोन सामने झाले. जपानने थायलंडचा ७-० असा धुव्वा उडविला, तर चीनने व्हिएतनामला ३-१ असे नमविले. बाद फेरीचा नेहमीचा नियम असता, तर व्हिएतनामची कहाणी येथेच संपली असती. परंतु ऑस्ट्रेलियाचे स्थान आधीच निश्चित असल्याने पराभूत झालेल्या उर्वरित तीन संघांना एक शेवटची संधी होती. थायलंड, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई यांच्यात परस्परांशी सामने होऊन प्रथम येणाऱ्या संघास थेट प्रवेश मिळणार होता. उरलेल्या दोघांना आंतरखंडीय फेरीतून जावे लागणार होते.

हे तीनही सामने नेरूळला झाले. २ फेब्रुवारी रोजी व्हिएतनामने थायलंडला २-० असे हरविले. ४ फेब्रुवारीस चायनीज तैपेईने थायलंडवर ३-० अशी मात केली. दोन्ही संघांचे गुण समान झाले, परंतु गोलफरकात चायनीज तैपेई पुढे असल्याने ६ फेब्रुवारीच्या सामन्यात त्यास बरोबरी पुरेशी होती, तर व्हिएतनामला विजय अनिवार्य होता. ज्येष्ठ प्रशिक्षक माय डुक चुंग यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या व्हिएतनामने आरंभीच आघाडी घेतली. उत्तरार्धात चायनीज तैपेईने बरोबरी साधली. त्यानंतर काही मिनिटांतच व्हिएतनामने दुसरा गोल केला आणि २-१ हा निकाल अखेरपर्यंत टिकविला. व्हिएतनामचा फुटबॉल संघ वरिष्ठ गटाच्या विश्वचषकास पात्र ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या देशाच्या पुरुष संघालाही हे साध्य झालेले नव्हते.

त्याच दिवशी याच मैदानावर अंतिम सामना झाला. दोन गोलांनी पिछाडीवर असलेल्या चीनने दक्षिण कोरियावर ३-२ असा विजय मिळवून नवव्यांदा हा चषक जिंकला. महाराष्ट्राचे लक्ष मात्र अन्यत्र होते. त्या दिवशी सकाळी लता मंगेशकर यांचे मुंबईत निधन झाले आणि सायंकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. घरोघरी दूरदर्शन संचावर त्याच वार्तेचे प्रक्षेपण चालू होते. नेरूळला घडलेल्या इतिहासाकडे पाहण्याची सवड किंवा मनःस्थिती त्या दिवशी मराठी समाजापाशी नव्हती, हे सर्वथा स्वाभाविक होते.

स्थानिक इतिहास आणि परकी साक्ष

प्रेक्षक नाहीत, यजमान संघ नाही आणि समाजाचे चित्त दुसऱ्या शोकात गुंतलेले, अशा तिहेरी अनुपस्थितीत ही घटना घडली. म्हणून ती स्थानिक इतिहासाबाहेरची मानावी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना याच जिल्ह्यातील कल्याणचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. प्राचीन कल्याण हे भरभराटीचे बंदर होते, हे आपणास प्रामुख्याने कोणाकडून कळते? एका अनामिक ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मधून, सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाच्या वृत्तांतातून आणि कान्हेरीच्या लेण्यांतील, कल्याणच्या दात्यांचा उल्लेख करणाऱ्या शिलालेखांतून. म्हणजे कल्याणची साक्ष कल्याणबाहेर सापडते. तरीही कल्याणचा इतिहास लिहिताना कोणी ही साधने परकी म्हणून त्याज्य ठरविलेली नाहीत. बंदराचे महत्त्व तेथे येऊन गेलेल्यांच्या स्मृतीतही साठलेले असते, हे तत्त्व अभ्यासकांनी केव्हाच स्वीकारले आहे.

नेरूळचे मैदान या अर्थाने आधुनिक बंदरच ठरते. तेथे जे आले, त्यांनी आपल्या देशी परतताना या जागेचे नाव आपल्या क्रीडा इतिहासात नेले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे झालेल्या विश्वचषकात व्हिएतनामला अमेरिका, पोर्तुगाल आणि नेदरलँड्स यांच्याकडून तीनही सामन्यांत पराभव पत्करावा लागला. फिलिपाईन्सने सहयजमान न्यूझीलंडला वेलिंग्टन येथे १-० असे हरवून खळबळ उडविली. या दोन्ही वाटचालींचा उगम महाराष्ट्रातील मैदानांवर आहे. स्थानिक अभ्यासकाने व्हिएतनामी, फिलिपिनो व तैवानी वृत्तांत, स्पर्धेची नियमावली, सामन्यांची अधिकृत पत्रके आणि राज्य शासनाचे तत्कालीन आदेश ही साधने एकत्र वाचल्यास रिकाम्या प्रेक्षागाराची उणीव बऱ्याच अंशी भरून निघू शकेल.

त्याचबरोबर एका मर्यादेची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. परकी साक्ष विजयाची नोंद करील. यजमानांच्या अनुपस्थितीची नोंद यजमानांनीच करावयाची असते. अधिकृत नोंदीनुसार भारताने त्या स्पर्धेत एकही ग्राह्य सामना खेळलेला नाही. इराणविरुद्ध नव्वद मिनिटे धावलेल्या खेळाडूंचे श्रम आकडेवारीतून पुसले गेले आहेत. आकडेवारी हेच एकमेव साधन मानणारा इतिहासकार २० जानेवारीचा तो सामना घडलाच नाही, असे लिहील. तो घडला होता, हे सांगणे ज्या जिल्ह्यात तो घडला त्या जिल्ह्याच्या इतिहासकाराचे काम आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, यजमानपद मैदान देते, उंबरठा ओलांडण्याचे बळ देत नाही. सतरा वर्षांखालील मुलांचा २०१७ चा विश्वचषक, २०२२ चा आशियाई महिला चषक आणि त्याच वर्षीचा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक या तीनही स्पर्धांत भारताचा प्रवेश यजमान म्हणून झाला. यांपैकी शेवटच्या स्पर्धेचा अंतिम सामना ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळलाच झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले; तेथेही भारत नव्हता. याच्या उलट ५ जुलै २०२५ रोजी भारतीय महिलांनी चिआंग माय येथे यजमान थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात पात्रता स्पर्धेतून प्रथमच स्थान मिळविले. त्या स्पर्धेच्या सोडतीत भारताच्या गटात जपानबरोबर व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई हे दोन संघ आले. नेरूळला ज्या संघाविरुद्धचा सामना झाला नाही आणि ज्या संघाने नेरूळला इतिहास घडविला, तेच हे दोन संघ होत.

दुसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. स्थानिक इतिहास म्हणजे स्थानिकांनी पाहिलेला इतिहास, ही व्याख्या अपुरी आहे. आपल्या भूमीवर घडलेले, पण आपणास पाहता न आलेले प्रसंगही त्यात समाविष्ट व्हावयास हवेत. किंबहुना ते का पाहता आले नाहीत, हाच त्या इतिहासाचा गाभा असू शकतो. बंद दारे, तेरा खेळाडूंची अट आणि पुसली गेलेली एक बरोबरी यांची नोंद ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात झाली नाही, तर ती अन्यत्र कोठेही होण्याचा संभव नाही.